साठवलेले दृश्य आणि घडविलेले दृश्य : चित्रपट व संगणकीय खेळ यांच्या साठवणगरजेचा ऐतिहासिक अभ्यास (भंडारदरा परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
उच्च सुस्पष्टतेचा चित्रपट आणि तितक्याच सुस्पष्टतेचा संगणकीय खेळ पडद्यावर सारखेच दिसत असले, तरी त्यांना लागणाऱ्या साठवणीत दीर्घकाळ मोठी तफावत राहिली. अडीच तासांच्या चित्रपटाला जेवढी जागा लागे, तिच्या काही अंशात चाळीस-पन्नास तास खेळता येणारा खेळ मावत असे. या विरोधाभासाचे मूळ दृश्य जतन करण्याच्या दोन भिन्न परंपरांमध्ये आहे. एक परंपरा तयार दृश्य साठविते, तर दुसरी दृश्य घडविण्याची सामग्री व रीत साठविते. प्रस्तुत लेखात या दोन परंपरांचा महाराष्ट्राच्या संदर्भात मागोवा घेतला असून भंडारदरा परिसराच्या भूरूपाचे उदाहरण घेऊन त्यांचे गणित मांडले आहे. साठवणीतील बचत ही इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने निरपवाद लाभाची नसते, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : अंकीय साठवण, चित्रपट, संगणकीय खेळ, भूरूप, जतन, भंडारदरा.

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते प्रामुख्याने साठवणीमुळे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर १९१० मध्ये बांधकाम सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण आणि त्यामागील आर्थर जलाशय यांत सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडणारे पाणी वर्षभर पुरवायचे, तर ते साठविण्याखेरीज गत्यंतर नसते. कारण पाणी हवे तेव्हा घडविता येत नाही. दृश्याचे मात्र तसे नाही. दृश्य साठविता येते, तसेच ते मागणीनुसार नव्याने घडविताही येते. चित्रपट हा पहिल्या मार्गाचा आणि संगणकीय खेळ हा दुसऱ्या मार्गाचा आधुनिक प्रतिनिधी होय.

२००५ ते २००६ या काळात हा भेद बाजारपेठेतही ठळकपणे दिसून आला. २००५ मध्ये आलेल्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या खेळयंत्राचे उच्च सुस्पष्टतेचे खेळ जुन्याच डीव्हीडीवर विकले जात. दोन थरांच्या डीव्हीडीची क्षमता केवळ ८.५ गिगाबाइट इतकी होती. त्याच सुस्पष्टतेच्या चित्रपटांसाठी मात्र नवी तबकडी निर्माण करावी लागली. २००६ मध्ये बाजारात आलेल्या ब्लू-रे तबकडीच्या दोन थरांत ५० गिगाबाइट मावत असत. पाहण्याचा कालावधी कमी असूनही चित्रपटाला जागा अधिक का लागावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी त्याचे उत्तर दृश्यमाध्यमांच्या इतिहासात शोधावे लागते.

चौकटींची परंपरा :
चित्रपटाच्या साठवणीचे एकक ‘चौकट’ हे आहे. दादासाहेब फाळके (जन्म त्र्यंबकेश्वर, १८७०) यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजेच या चित्रपटात सुमारे ५९,२०० स्वतंत्र छायाचित्रे होती. पात्र स्तब्ध उभे असो वा धावत असो, मागील भिंत बदलो वा न बदलो, प्रत्येक चौकटीला फितीची तितकीच लांबी द्यावी लागे. दृश्यातील साम्याचा लाभ घेण्याची कोणतीही सोय फितीत नव्हती.

फाळके यांनी त्यापूर्वी १९१२ मध्ये केलेला रोपट्याच्या वाढीचा लघुपट या संदर्भात लक्षणीय ठरतो. कुंडीतील बी रुजून त्याचे रोप होईपर्यंतच्या अनेक दिवसांतील निवडक क्षणच त्यांनी फितीवर घेतले. काळाचा मोठा भाग वगळून वाढीचा प्रत्यय देणारा हा प्रयोग म्हणजे ‘काय साठवावे आणि काय वगळावे’ या विचाराचा महाराष्ट्रातील आरंभीचा चलच्चित्रीय दाखला मानता येईल. तथापि, जे साठविले ते चौकटीच्याच रूपात साठविले, ही मर्यादा तेथेही कायम राहिली.

निवेदकाची परंपरा :
चित्रपटपूर्व महाराष्ट्रात दृश्य सादर करण्याची दुसरी रीत प्रचलित होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथी हे तिचे उत्तम उदाहरण होय. रामायण-महाभारतातील एखादे आख्यान थोड्याशा चित्रांच्या आधारे सादर केले जाते. चित्रांमध्ये कथेचे मोजकेच प्रसंग असतात. प्रसंगांना जोडणारी हालचाल, संवाद आणि भाव हे कथेकऱ्याच्या स्मरणातून व आवाजातून त्या त्या वेळी निर्माण होतात. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातही बाहुल्या मोजक्याच असतात. परंतु दिवा, पडदा आणि सूत्रधाराचा हात यांच्या संयोगातून असंख्य दृश्ये उभी राहतात.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास सुरू केलेली ‘शांबरिक खरोलिका’ ही या दोन परंपरांमधील दुवा ठरते. हाताने रंगविलेल्या काचपट्ट्या जादूच्या दिव्यातून पडद्यावर टाकून, एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्थांच्या पट्ट्या झपाट्याने बदलून हालचालीचा भास निर्माण केला जाई. त्यास निवेदनाची व संगीताची जोड असे. येथे काही हालचाल पट्ट्यांमध्ये साठविलेली होती, तर उरलेली प्रयोगकर्त्याच्या हस्तकौशल्यातून घडत होती.

या परंपरेत साठवण अल्प असते. परंतु प्रत्येक प्रयोगासाठी कुशल माणसाचे श्रम नव्याने खर्ची पडतात. चित्रपटात याउलट घडते. श्रम एकदाच होतात आणि नंतर केवळ फीत फिरवावी लागते. साठवण आणि श्रम यांचा हा व्यस्त संबंध संगणकाच्या युगातही टिकून राहिला. फरक इतकाच, की कथेकऱ्याची जागा खेळात संगणकाच्या प्रक्रियकाने घेतली.

चित्रपटाचे अंकीय गणित :
उच्च सुस्पष्टतेच्या एका चौकटीत आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकासाठी एकेक बाइट धरल्यास एका चौकटीस ६२,२०,८०० बाइट लागतात. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने एका सेकंदास १४,९२,९९,२०० बाइट, तर अडीच तासांच्या चित्रपटास सुमारे १.३४ लक्ष कोटी बाइट म्हणजेच १,३४० गिगाबाइट लागतील. एवढी साठवण घरगुती वापरात अशक्यप्राय होती. त्यामुळे अंकीय चित्रपटाचा इतिहास हा बहुतांशी संकोचनाचा इतिहास आहे.

या इतिहासात भारतीय वंशाच्या संशोधकांचा वाटा मोठा आहे. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडलेले ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे गणिती रूपांतर पुढे जेपेग, एमपेग आणि २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतींचा पाया ठरले. या पद्धती दोन गोष्टी करतात. डोळ्याला सहसा न जाणवणारा सूक्ष्म तपशील त्या गाळतात आणि लागोपाठच्या चौकटींमधील केवळ फरक नोंदवितात. सेकंदाला अडीच कोटी बिट हा दर धरल्यास अडीच तासांचा चित्रपट सुमारे २८ गिगाबाइटमध्ये बसतो. मूळ आकाराच्या तुलनेत ही घट सुमारे ४८ पट आहे. मात्र इतके करूनही चित्रपटाचा आकार त्याच्या लांबीच्या प्रमाणातच वाढत राहतो. दुप्पट लांबीच्या चित्रपटास, दर तोच असता, दुप्पटच जागा लागते.

संगणकीय खेळातील बचत :
संगणकीय खेळाची जडणघडण अत्यल्प स्मृतीच्या सक्तीतून झाली. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाची संपूर्ण सामग्री ४० किलोबाइटमध्ये मावत असे. त्यातील ढग आणि झुडूप यांचा आकार एकच असून केवळ रंग बदललेला आहे. एकच तुकडा अनेक ठिकाणी वापरण्याचे हे तत्त्व खेळांच्या बांधणीचा कणा ठरले. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी रचलेल्या ‘एलिट’ या खेळाने त्यापुढील पाऊल टाकले. त्यात प्रत्येकी २५६ ग्रहांच्या आठ आकाशगंगा होत्या; परंतु ग्रहांची यादी साठविलेली नव्हती. एका बीजसंख्येवर ठरावीक गणिती क्रिया करून प्रत्येक ग्रहाचे नाव व गुणधर्म प्रत्येक वेळी तसेच्या तसे नव्याने काढले जात. २००४ मध्ये जर्मनीतील एका गटाने ‘क्रीगर’ हा त्रिमितीय खेळ केवळ ९६ किलोबाइटमध्ये बसवून हे तत्त्व टोकापर्यंत नेले.

याच्या उलट दाखलाही इतिहासात आढळतो. १९९३ मधील ‘द सेव्हन्थ गेस्ट’ या खेळाने चित्रित दृश्यांचा मुक्त वापर केला आणि त्याला दोन सीडी लागल्या. १९९७ मधील ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर विकला गेला. त्यातील मोठी जागा आधीच तयार केलेल्या चलच्चित्रांनी व्यापली होती. खेळाने चित्रपटाची रीत स्वीकारताच त्याची साठवणही चित्रपटासारखी वाढली. यावरून बचतीचे कारण ‘खेळ’ या प्रकारात नसून दृश्य घडविण्याच्या रीतीत आहे, हे स्पष्ट होते.

त्रिमितीय खेळात साठविले जाते ते साधारणतः असे : वस्तूंचे आकार (बिंदूंचे स्थान व त्यांना जोडणारे त्रिकोण), त्यांच्या पृष्ठभागावर चढविण्याची चित्रे म्हणजेच टेक्स्चर, हालचालींचे नमुने, ध्वनी आणि नियम. खेळाडू जेथे पाहील तेथील दृश्य प्रक्रियक त्या क्षणी रंगवितो. सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या झाल्यास सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. म्हणजे जागेतील बचतीची किंमत गणनेच्या रूपाने दर सेकंदाला मोजावी लागते. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटाची दृश्येही संगणकावर आकार व टेक्स्चर यांपासूनच घडविली होती. परंतु एकेका चौकटीस अनेक तास लागत असल्याने ती प्रेक्षकांसमोर घडविणे अशक्य होते. म्हणून घडविलेल्या चौकटी साठवाव्या लागल्या आणि तो ‘चित्रपट’ झाला.

भंडारदऱ्याचा उंचीपट :
वरील तत्त्वाचे प्रत्यक्ष मोजमाप भंडारदरा परिसराच्या आधारे करता येते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. ही सामग्री एकेक अंश अक्षांश-रेखांशाच्या तुकड्यांत विभागलेली आहे. भारतासाठी आरंभी ती सुमारे ९० मीटर अंतराने उपलब्ध होती. ३० मीटर अंतराची सामग्री २०१४ नंतर खुली झाली.

उत्तर अक्षांश १९ ते २० आणि पूर्व रेखांश ७३ ते ७४ या तुकड्यात भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि १,६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई यांचा समावेश होतो. शिवाय पटवर्धनांचे कल्याण आणि फाळक्यांचे जन्मगाव त्र्यंबकेश्वर ही दोन्ही ठिकाणेही त्यातच येतात. ठाणे, पालघर, नाशिक, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांचे भाग मिळून सुमारे ११,६०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. तुकड्यात ३,६०१ ओळी व तितकेच स्तंभ असून प्रत्येक उंचीस दोन बाइट लागतात. एकूण आकार २,५९,३४,४०२ बाइट इतका भरतो. तो असंकोचित उच्च सुस्पष्ट चित्रपटाच्या सुमारे सव्वाचार चौकटींएवढा आहे. सह्याद्रीच्या एवढ्या मोठ्या पट्ट्याचे सर्व उंचवटे आणि दऱ्या ज्या जागेत मावतात, त्या जागेत चित्रपटाच्या एका सेकंदाचा जेमतेम सहावा भाग मावतो.

अर्थात, केवळ उंचीने दृश्य होत नाही. कातळ, गवत, माती, पाणी, पाने यांची २,०४८ गुणिले २,०४८ बिंदूंची २० टेक्स्चर धरली आणि ती खेळांत रूढ असलेल्या, बिंदूमागे अर्धा बाइट घेणाऱ्या पद्धतीने संकोचित केली, तर त्यांना सुमारे ४ कोटी १९ लाख बाइट लागतील. उंचीपट आणि टेक्स्चर मिळून ही बेरीज ७ कोटी बाइटांच्या आत राहते. वर गृहीत धरलेल्या दराने संकोचित केलेल्या चित्रपटाचे ते सुमारे २२ सेकंद होतात. झाडे, इमारती, ध्वनी यांची भर पडेल हे खरे. तथापि एकदा ही सामग्री साठविली की कळसूबाईच्या माथ्यावरून, जलाशयाच्या काठावरून वा घाटघरच्या कड्यावरून, सकाळी वा संध्याकाळी, कितीही तास पाहिले तरी साठवण वाढत नाही. चित्रपटाचा आकार पाहण्याच्या कालावधीवर अवलंबून असतो, तर खेळाचा आकार त्यातील सामग्रीच्या वैविध्यावर अवलंबून असतो. या विषयाचे सार या एका भेदात सामावले आहे.

धबधबा आणि काजवे :
काही दृश्ये हा भेद अधिक ठळक करतात. प्रवरेवरील रंधा धबधब्याचे पावसाळ्यातील चित्रण संकोचन पद्धतींची कसोटी पाहते. प्रत्येक चौकटीत पाण्याची मांडणी बदलत असल्याने मागील चौकटीशी साम्य अल्प राहते आणि फरक नोंदवून होणारी बचत घटते. खेळात मात्र धबधबा हा कणसमूहाच्या रूपाने घडविला जातो. ही कल्पना विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ मध्ये शास्त्रीय स्वरूपात मांडली. कणांचा उगम, वेग, आयुष्य आणि रंग यांचे थोडेसे नियम दिले, की लक्षावधी थेंबांचा भास उत्पन्न होतो.

मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या प्रारंभी भंडारदरा परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा वृक्षांवर काजवे चमकतात आणि ते पाहण्यासाठी दूरदूरून लोक येतात. अंधारातील सूक्ष्म व क्षणिक प्रकाशबिंदू संकोचनात गाळले जाण्याचा संभव अधिक असतो. खेळात एका काजव्यासाठी स्थानाचे तीन, चमकण्याच्या कालावधीचा एक आणि आरंभक्षणाचा एक असे पाच आकडे पुरतात. प्रत्येकी चार बाइट धरल्यास दहा हजार काजव्यांना दोन लक्ष बाइट लागतात. ही जागा असंकोचित चित्रपटाच्या एका चौकटीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही थोडी कमी आहे.

मात्र येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावयास हवा. चित्रपटातील काजवे एका विशिष्ट रात्री एका विशिष्ट झाडावर खरोखर चमकले होते. त्या वर्षी ते किती होते, पाऊस लवकर आला होता का, झाड अद्याप उभे होते का, यांची साक्ष ते चित्रण देऊ शकते. खेळातील काजवे कितीही हुबेहूब असले, तरी ते कोणत्याही रात्रीचे नसतात. पहिली नोंद हे साधन आहे, तर दुसरी रचना हे अनुमान आहे.

बचतीतून निसटणारे वास्तव :
उंचीपट प्रत्येक ठिकाणी एकच उंची नोंदवितो. त्यामुळे रतनगडाच्या माथ्यावरील सुप्रसिद्ध ‘नेढे’, म्हणजे कातळातील आरपार भोक, त्यात येऊच शकत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूस वळलेला आहे. उंचीपटात त्याचा तो अंतर्वक्र भाग लुप्त होऊन साधा उतार उरतो. आर्थर जलाशय त्या सामग्रीत एकाच उंचीचा सपाट पृष्ठभाग म्हणून येतो. धरण होण्यापूर्वीचे प्रवरेचे खोरे, म्हणजे पाण्याखाली गेलेली जमीन, त्यात नाही. त्या खोऱ्यासाठी जुने नकाशे व महसुली कागदपत्रे यांकडेच वळावे लागते.

रतनवाडी येथील शिलाहारकालीन अमृतेश्वर मंदिराचे उदाहरण याहून बोलके आहे. मंदिराच्या खांबांवर व शिखरावर अलंकरणाचे आकार पुनःपुन्हा येतात. खेळाच्या रीतीने एक आकार साठवून तो शंभर ठिकाणी वापरला, तर साठवण शतांश होईल आणि सामान्य प्रेक्षकाला फरकही जाणवणार नाही. परंतु प्रत्येक आकार स्वतंत्रपणे घडविला गेला आहे. त्यातील छिन्नीचा फरक, झीज, डागडुजी आणि शेवाळ यांतूनच शिल्पाचा अभ्यासक कारागीर, काळ आणि जीर्णोद्धार यांविषयी अनुमान करतो. ‘सारखे’ म्हणून वगळलेला तपशील हाच पुष्कळदा अभ्यासकाचा पुरावा असतो.

उलटलेला हिशेब :
खेळांना चित्रपटापेक्षा कमी जागा लागते, हे विधान आज सरसकट खरे राहिलेले नाही. २०१४ च्या ‘टायटनफॉल’ या खेळाची संगणकावरील आवृत्ती सुमारे ४८ गिगाबाइटची होती आणि त्यांपैकी सुमारे ३५ गिगाबाइट असंकोचित ध्वनीने व्यापले होते. कमी क्षमतेच्या प्रक्रियकावर ध्वनी उलगडण्याचा भार पडू नये हा त्यामागील हेतू होता. पुढील काळात अनेक खेळांनी १०० गिगाबाइटची मर्यादा ओलांडली. अधिक सुस्पष्ट टेक्स्चर, अनेक भाषांतील संवाद, प्रत्यक्ष वस्तूंच्या छायाचित्रांवरून केलेले आकार आणि संथ डिस्कवरून वाचन जलद व्हावे म्हणून एकाच सामग्रीच्या ठेवलेल्या अनेक प्रती ही त्याची कारणे होत. साठवण स्वस्त झाली तशी बचतीची सक्ती सैल झाली.

याच काळात दुसरे टोकही दिसून आले. २०१६ मधील ‘नो मॅन्स स्काय’ या खेळात २ च्या ६४ व्या घाताइतके ग्रह बीजसंख्येतून निर्माण होऊ शकतात. २०२० च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ या खेळाने मात्र पृथ्वीच्या खऱ्या पृष्ठभागाची दोन पेटाबाइटांहून अधिक सामग्री दूरच्या सर्व्हरवर ठेवून ती मागणीनुसार पुरविली. काल्पनिक जग थोडक्यात मावते. खऱ्या जगाशी प्रामाणिक राहायचे तर साठवण वाढते, हा निष्कर्ष या दोन उदाहरणांच्या तुलनेतून निघतो. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ (२०२०) या खेळात कथाभाग सांगण्यासाठी छायाबाहुल्यांच्या शैलीचा वापर झाला, ही बाबही निवेदकाच्या परंपरेच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे.

जतनाचा प्रश्न :
दोन्ही रीतींचे जतनविषयक धोके भिन्न आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे आज उपलब्ध आहेत, तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) पूर्णतः नष्ट झाला आहे. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील ज्वलनशील नायट्रेट फिती जानेवारी २००३ मधील आगीत मोठ्या संख्येने जळाल्या. तरीही चौकटींच्या परंपरेचा एक गुण असा, की अर्धी फीत उरली तर अर्धा चित्रपट उरतो, आणि तो प्रकाशासमोर धरला तरी दिसतो.

खेळाचे तसे नाही. त्याची सामग्री यंत्र, प्रक्रियक आणि आज्ञावली यांच्याविना निरर्थक असते. २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. २०१४ चा ‘द क्रू’ हा खेळ २०२४ मध्ये सर्व्हर बंद होताच, खरेदी केलेल्या ग्राहकांसाठीही संपुष्टात आला. मौखिक परंपरेवरही हेच संकट असते. चित्रकथीची पोथी संग्रहालयात सुरक्षित राहिली तरी आख्यान जाणणारा गेला की चित्रे मूक होतात. जव्हार-मोखाडा परिसरातील बोहाड्याचे मुखवटे जतन केले, पण ते कोणत्या क्रमाने, कोणत्या वाद्यावर, कोणत्या चालीने नाचतात याची नोंद झाली नाही, तर उरतात त्या केवळ वस्तू. साठवण जितकी अल्प, तितके उलगडणाऱ्यावरील अवलंबित्व अधिक, असे सूत्र यातून मांडता येते.

निष्कर्ष :
१. चित्रपट दृश्याचा परिणाम साठवितो, तर संगणकीय खेळ दृश्याचे कारण साठवितो. म्हणून पहिल्याची साठवण कालावधीनुसार आणि दुसऱ्याची वैविध्यानुसार वाढते.

२. खेळातील बचत ही विनामूल्य नसून ती प्रक्रियकाच्या गणनेशी केलेली अदलाबदल आहे. चित्रकथी, बाहुल्यांचे खेळ व शांबरिक खरोलिका यांत हीच अदलाबदल माणसाच्या कौशल्याशी होत होती.

३. पुनरावृत्ती व नियमबद्धता यांवर आधारलेली बचत अपवाद, झीज व वैशिष्ट्ये वगळते. रतनगडाचे नेढे, कोकणकड्याचा अंतर्वक्र भाग आणि जलाशयाखालील खोरे ही त्याची उदाहरणे होत.

४. स्थानिक इतिहास, कला व निसर्ग यांच्या अंकीय नोंदी करणाऱ्या महाविद्यालयांनी त्रिमितीय प्रतिकृतीला मूळ चित्रणाचा पर्याय मानू नये. प्रतिकृती अध्यापनास उपयुक्त आहे. परंतु मूळ छायाचित्रे, चलच्चित्रे, मोजमापे व ध्वनिमुद्रणे स्वतंत्रपणे, तारीख व स्थळासह जतन करणे आवश्यक आहे.

५. प्रतिकृतीतील कोणता भाग मोजलेला आणि कोणता अनुमानाने घडविलेला आहे, याची स्पष्ट नोंद सामग्रीसोबत ठेवली पाहिजे. ती उलगडण्यासाठी लागणाऱ्या आज्ञावलीचे व स्वरूपाचे वर्णनही सोबत असावे.

भंडारदऱ्याचा डोंगरपट्टा काही कोटी बाइटांत मावतो, ही गणिताची मोठी उपलब्धी आहे. मात्र त्या पट्ट्यात कोणते वर्ष, कोणता पाऊस आणि कोणाचे हात होते, हे त्या बाइटांत नसते. ते ज्या नोंदींत असते त्या नोंदी जागा अधिक घेतात, आणि संग्रह करणाऱ्या संस्थांनी ती जागा राखून ठेवणे अगत्याचे आहे.